गाडीतलं नेव्हिगेशन नीट कसं वापरावं

गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये असेल तर पत्ता टाकून तिथूनच निघू नका. आधी उघड्यावर या आणि अर्धा मिनिट थांबा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. स्वतः कुठे आहे आणि किती वाजलेत, हे प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो. पण सांगतो फार सावकाश, सेकंदाला ५० बिट. त्याच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी येतो, म्हणून हा अर्धा मिनिट. इंटरनेट चालू असेल तर फोन हाच तपशील तिकडून घेतो आणि लवकर तयार होतो.

फोन सीटवर किंवा कप्प्यात टाकू नका. समोरच्या काचेजवळ, आकाश दिसेल पण नजर अडणार नाही असा लावा. काचेला धातूचा मुलामा असेल तर संदेश क्षीण होतो, हेही ध्यानात असू द्या.

वरून निघालेला संदेश साधारण सेकंदाच्या पंधराव्या भागात खाली पोचतो. त्या वेळावरून उपग्रहाचं अंतर निघतं. तीन अंतरांत खरं तर जागा ठरायला हवी. पण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि फोनमधलं घड्याळ साधं. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने जरी चुकलं, तरी अंतर ३०० मीटरनी चुकतं! म्हणून चौथा उपग्रह लागतो. चौघांचा मेळ बसवताना जागाही सापडते आणि घड्याळाची चूकही निघते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते.

उपग्रहांना रस्ते मात्र ठाऊक नसतात. रस्ता नकाशा दाखवतो, तेव्हा तो ताजा ठेवा. रेंज नसलेल्या भागात जायचं असेल तर आधीच डाउनलोड करून घ्या. नकाशा फोनमध्ये असला की जागा कळायला इंटरनेट लागत नाही.

उड्डाणपुलापाशी सावध राहा. पूल आणि खालचा रस्ता नकाशावर जवळजवळ एकावर एक येतात, आणि काही मीटरची चूक तर नेहमीचीच. अशा वेळी बाण भलत्याच रस्त्याला चिकटतो. तिथे रस्त्यावरची पाटी वाचा आणि तिचंच ऐका.

बोगद्यात संदेश पोचत नाही. गाडीतच बसवलेली यंत्रणा चाकांचे फेरे आणि वळणं मोजून अंदाजाने बाण पुढे सरकवते. फोनला चाकांचा हिशेब सहसा मिळत नाही. म्हणून बोगद्यात शिरण्याआधीच पुढचं वळण ऐकून ठेवा, आणि बाहेर पडल्यावर बाण जाग्यावर येईपर्यंत त्याच्या भरवशावर वळू नका.