इकडे घर भाड्याने घेतलंत? कूलरचं सॉकेट आधी बघा

बदली होऊन सांगली-पुण्याकडून येणारे आपले लोक जुनं घर भाड्याने घेतात आणि होळी झाली की घाईघाईने कूलर आणतात. दूध-किराण्याचं शेजारी सांगतील. मी फक्त सॉकेटबद्दल लिहितोय, कारण दर उन्हाळ्यात तेच प्रकार बघतो.

सॉकेट तपकिरी पडलंय, पिन ढिली बसते किंवा जळका वास येतो, तर ते बदलाच. पण ‘लाईन गेलीये तोवर उरकून घेऊ’ असं कधीही करू नका. ती केव्हाही परत येते. टेस्टर आधी चालू बोर्डावर लावून पेटतो ना बघा. मग मेन पाडा. किटकॅट फ्यूज (जुन्या घरांतला चिनी मातीचा, हाताने उपसायचा) असेल तर काढून खिशात ठेवा. इन्व्हर्टरही बंद करा, नाहीतर मेन पाडूनही बोर्डात करंट राहतो. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी बटण फेजवर (करंट आणणाऱ्या तारेवर) न देता न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) दिलेलं असतं, मग बटण बंद असलं तरी सॉकेटमध्ये करंट राहतो. बोर्ड उघडल्यावर प्रत्येक स्क्रूला पुन्हा टेस्टर लावा.

शेजारचे काका पक्कड घेऊन अनवाणी धावत येतील. माणसं फार जीव लावतात इथली. पण ‘काही नाही होत भाऊ’ म्हणत चालू लाईनीत हात घालतात. त्यांना हात जोडून थांबवा.

नवं सॉकेट आयएसआय मार्कचंच घ्या. कूलरला ६ अँपिअरचं चालतं, गिझरला १६ चं लागतं. काळी पडलेली तार लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापा, पीळ देऊन स्क्रूखाली पूर्ण बसवा, तारेचा एकही केस बाहेर नको. अर्थचं भोक वर ठेवलं की समोरून उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तार ॲल्युमिनियमची निघाली तर परवानाधारक वायरमनलाच बोलवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरात अर्थिंगची तारच नसली की काही जण सॉकेटच्या आतच अर्थ आणि न्यूट्रलला तुकडा जोडून देतात. हे करू नका, कोणालाही करू देऊ नका, आधीच केलेलं असेल तर तोडा. मागे कुठे न्यूट्रल तुटला की कूलरचा अख्खा पत्रा २३० व्होल्टवर जातो आणि खाली ओली फरशी असते. आमच्या वॉर्डात एका नव्या सरांच्या पत्नीला असाच झटका बसला. लाकडी काठीने बाजूला केलं म्हणून वाचल्या. अर्थिंग स्वतंत्रच हवं. शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा स्विच) वायरमनकडून बसवून घ्या. घरमालक नाही म्हणाला तरी स्वतःच्या पैशाने, यात काटकसर नको.

अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओता. काळी माती वाळून भेगाळली की अर्थिंग नीट काम करत नाही. आणि कूलरमध्ये पाणी भरायच्या आधी पिन उपसून बाजूला ठेवा, घरातल्या लहानांनाही तेच शिकवा.