नळीत नक्की काय आहे? ईव्ही आणि प्रोटिओमिक्सकडे वळणाऱ्यांसाठी

हार्ट अटॅकमध्ये मेलेला हृदयाचा स्नायू परत उगवत नाही, तिथे व्रण राहतो. नव्या स्नायूपेशी अगदीच तयार होत नाहीत असं नाही. पण पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का, आणि पंचाहत्तरीत त्याच्याही निम्म्याच्या आत. २००९ साली हे कळलं ते शीतयुद्धातल्या अणुचाचण्यांच्या कृपेने. त्या चाचण्यांमुळे हवेत वाढलेला कार्बन-१४ पेशींच्या डीएनएत किती उतरलाय, ते मोजून पेशींचं वय काढलं. मी या विषयात आले ती हे वाचून.

स्टेम सेल टोचून हृदय दुरुस्त करायचं, हा तेव्हाचा जोरातला विचार होता. टोचलेल्या बहुतेक पेशी हृदयात टिकतच नव्हत्या, तरी थोडा फायदा दिसायचा. मग २०१० साली सिंगापूरच्या गटाने उंदरांमध्ये दाखवलं, की पेशी नकोतच, त्यांनी बाहेर सोडलेले सूक्ष्म कण दिले तरी इजा कमी होते. हेच ते ईव्ही, म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर व्हेसिकल. पेशीने प्रथिनं, आरएनए भरून पाठवलेल्या पुड्याच म्हणा ना. त्यातले एक्सोझोम साधारण ३० ते १५० नॅनोमीटरचे. पुडीत कोणती प्रथिनं आहेत हे मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) शोधायचं, हे आमचं प्रोटिओमिक्स.

ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात पीएचडीची पहिली दोन वर्षं एकाच प्रश्नात जातात: नळीत आहे ते ईव्हीच आहे का? गुरुत्वाकर्षणाच्या १,००,००० पट बल येईल इतक्या वेगाने फिरवून खाली बसलेला साका, म्हणजे पेलेट, बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतही नाही. पेशी वाढवताना घातलेल्या वासराच्या सीरममध्ये स्वतःचे ईव्ही असतात. रक्तातून काढायला जावं तर लिपोप्रोटीन, म्हणजे चरबी वाहून नेणारे कण, सोबत येतात, आकाराने सारखेच आणि संख्येने कितीतरी जास्त. त्यात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन इतकं, की बाकीच्यांचा आवाज दबतो. शिवाय आपल्याच कातडीचं नि केसांचं केराटिन. थंडीत लोकरीचा स्वेटर घालून सॅम्पल करणाऱ्याला आमच्याकडे बाहेर काढतात, आणि बरोबरच करतात.

म्हणून सीडी९, सीडी६३, सीडी८१ ही ईव्हीच्या ओळखीची प्रथिनं दिसली की हुरळून जाऊ नका. जे दिसायला नको तेही तपासा. कॅल्नेक्सिन हे पेशीच्या आतलं प्रथिन दिसलं तर पेशींचा कचरा मिसळलाय अशी शंका घ्यायची. या क्षेत्राची मिसेव्ह नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत (२०१४, २०१८, २०२३). शेवटची आवृत्ती ॲडमिशनच्या आधीच वाचा, कारण रिव्ह्यूअर ती वाचूनच बसलेला असतो.

नेट परीक्षा निघाली तर जेआरएफ ही फेलोशिप सध्या महिना ३७,००० रुपये, पुण्या-मुंबईत काटकसरीने भागतं. गाईड निवडताना पेपरच्या संख्येपेक्षा हे विचारा: मास स्पेक कुणाचं, नंबर किती दिवसांनी लागतो, आणि डेटा कोण बघतं? ‘डेटा दुसरं कोणीतरी बघेल’ असं उत्तर आलं तर मी तरी तिथे जाणार नाही. हजारो प्रथिनांच्या याद्या आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषांमध्ये तुम्हालाच उलगडता यायला हव्यात. सुरुवातीला एनपीटीईएलवरचे आयआयटी मुंबईचे प्रोटिओमिक्सचे कोर्स चांगले आहेत.

हृदयाच्या क्षेत्रात संशयी असणं जरा जास्तच लागतं. हृदयात स्टेम सेल असल्याचा दावा वर्षानुवर्षं चालला. २०१८ मध्ये हार्वर्डने त्या दाव्यामागच्या प्रयोगशाळेचे ३१ पेपर मागे घ्यावेत असं कळवलं. तोवर त्या पायावर कितीतरी जणांच्या पीएचड्या उभ्या राहिल्या होत्या. गाईडचा आवडता सिद्धांत खोटा ठरवू शकेल असा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा प्रयोग, मागायला कचरू नका, भले मीटिंगमध्ये शांतता पसरली तरी.

आणि हो, नातेवाईक विचारणारच. एक्सोझोमची इंजेक्शनं विकणारी क्लिनिक त्यांनी फोनवर पाहिलेली असतात. हृदयासाठी असं मंजूर झालेलं औषध अजून नाही, असं स्पष्ट सांगा, आणि कार्डिओलॉजिस्टच्या गोळ्या बंद करू देऊ नका.