लारा क्रॉफ्ट जुनापाणीची असती तर: गेममधलं पात्र आपल्या मातीत कसं काढावं

‘टूम्ब रेडर’मधली लारा क्रॉफ्ट १९९६ साली आली. ब्रिटिश उमरावाची मुलगी, प्राचीन थडगी धुंडाळणारी. नागपूरहून काटोल रोडने गेलं की जुनापाणीची शिळावर्तुळं लागतात. जवळपास ३०० आहेत, लोहयुगातल्या दफनांची. तिथे उभी असताना मला वाटलं, लारा इथलीच असती तर? गेममधल्या पात्रांचा वंश, वर्ण, ओळख बदलून चित्रं काढणारे चाहते जगभर आहेत. आपणही काढावीत. पण गोऱ्या चेहऱ्यावर तपकिरी रंग ओतून ते होत नाही. माझं पहिलं चित्र तसंच झालं होतं: उन्हात रापलेली इंग्रज बाई.

आधी पात्राच्या खुणा शोधा. ते नुसतं काळ्या सावलीत काढून बघा. ओळखू येतं का? लाराची लांब वेणी, मांड्यांवरची दोन पिस्तुलं, पाठीवरची छोटी बॅग. एवढं राहिलं की बाकी बदलायला मोकळीक आहे. १९८१ च्या मारिओला टोपी आणि मिशा दिल्या गेल्या, कारण मोजक्या ठिपक्यांत केस आणि तोंड काढणं अवघड होतं.

मग ती कोण आहे ते ठरवा, तेही नेमकं. नुसती ‘भारतीय’ म्हणू नका. माझी लारा उत्तर नागपुरातल्या बौद्ध घरातली, पुरातत्त्वाची विद्यार्थिनी. घरात बाबासाहेबांचा फोटो, १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी दीक्षाभूमीवर होती. जुनापाणीचं उत्खनन एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कर्नाक यांनी केलं. माझी लारा मात्र काही उचलून नेत नाही, मोजमाप घेते, नोंद करते. म्हणून पिस्तुलांच्या जागी एका मांडीवर खुरपी आणि दुसऱ्या मांडीवर ब्रश.

आता रंग. इथे घाई करू नका. सावळी कांती करताना काळा मिसळला की चेहरा राखेसारखा दिसतो. बर्न्ट सिएनात (लालसर तपकिरी रंग) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) घाला, गडद आणि जिवंत तपकिरी मिळतो. गडद त्वचेवर चमक लहान आणि ठळक पडते, कपाळावर, नाकाच्या दांड्यावर, गालाच्या हाडावर, आणि तिच्यात आभाळाचा रंग उतरतो. कोपर आणि बोटांची पेरं गडद ठेवा, तळहात फिके. मे महिन्यातल्या दुपारी ऊन डोक्यावर असतं. डोळ्यांच्या खोबण्या सावलीत जातात आणि तापलेल्या जमिनीचा उजेड हनुवटीखाली येतो. जुनापाणीचे दगड काळे, म्हणून मागे वाळलेलं पिवळं गवत घ्या, नाहीतर चेहरा दगडात हरवेल. नमुन्यासाठी फोटो काढाल तर मोबाइलचा ब्यूटी फिल्टर आधी बंद करा. तो आपल्याला न विचारता गोरं करतो.

दुसऱ्या समाजातलं पात्र काढत असाल तर जपून. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मधला धालसिम आठवा: गळ्यात कवट्या, तोंडातून आग. तो बाहेरून पाहिलेला भारतीय आहे. गोंड मुलगी काढताना डोक्यात पिसं खोचलीत तर आपणही तेच करतो. गोंदण काढायचं असेल तर त्या घरातल्या बाईला विचारा, कुठलं, कुठे, कशासाठी.

उलटी वाट मात्र धरू नका. ‘ओव्हरवॉच’मधली सिमेट्रा, म्हणजे सत्या वासवानी, भारतीय आहे आणि ऑटिस्टिक (स्वमग्न) आहे. अशी पात्रं आधीच मोजकी. तिला उजळ करणं म्हणजे एखाद्या सावळ्या मुलीकडून तिचा आरसा काढून घेणं.

चित्र टाकताना गेमचं नाव आणि ‘फॅन आर्ट’ लिहा, दुसऱ्याचं चित्र गिरवू नका. प्रिंट विकायच्या असतील तर आधी कंपनीचे नियम वाचा. पात्राचा हक्क तिचाच असतो.

आणि टाकण्याआधी चित्र अशा कुणाला दाखवा, जिचं आयुष्य तुम्ही काढलंय. मी मैत्रिणीला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, “मे महिन्यात ही तोंडाला दुपट्टा न बांधता गाडीवर आली? आणि बॅगेत कांदा कुठाय?” ऊन लागू नये म्हणून तिची आई तिला रोज देते. मी दुपट्टा गळ्यात सैल सोडला, वेणी त्यावरून बाहेर काढली, आणि बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक कांदा रंगवला.