खंडेनवमीला गाडी, त्याआधी स्वयंपाकघर

चार महिने कोल्हापूरचा पाऊस खाल्लेल्या गाडीला खंडेनवमीला हार घालायचा म्हटलं की आधी तिची काळी प्लास्टिकं डोळ्यांत खुपतात. बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, दारांवरच्या पट्ट्या, वायपरखालची जाळी. पत्रा कितीही चकाकू दे, कडेला हे सगळं राखाडी राहिलं की धुतलेली गाडीही न धुतल्यासारखी दिसते. घरातल्या खाण्याच्या वस्तूंनी यातलं बरंच निघतं. पण तयारी आदल्या संध्याकाळी करायची, सकाळी ओल्या हातानं स्वयंपाकघरात डबे उचकायचे नाहीत.

पहिली तयारी नुसती बघण्याची. उन्हात गाडीभोवती एक फेरी मारा. रंगाच्या कडेला लागून पांढरे फराटे, ठिपके, फडक्याच्या गोल खुणा दिसत असतील तर ते वाळलेलं पॉलिश किंवा वॅक्स; ते नक्की निघतं. उलट एकच बाजू, बहुतेक ज्या बाजूला दुपारचं ऊन येतं ती, सरसकट फिकी पडली असेल तर तो मळ नाही. हे प्लास्टिक बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनचं असतं. सुटा भाग कधी हाताशी आलाच तर आतल्या बाजूला ‘पीपी’ अशी अक्षरं कोरलेली सापडतात. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा थर फुटतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि त्यांत उजेड विखुरला की काळं ते पांढुरकं दिसतं. इथं स्वयंपाकघर फक्त झाकण्याचं काम करतं, बरं करण्याचं नाही. हे आधीच मनाशी धरलं की पुढं चिडचिड होत नाही.

आता डबे. वॅक्सच्या डागांवर सगळ्यात गुणी वस्तू म्हणजे शेंगदाण्याचं कूट. नवरात्रात ते घरोघरी भरलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच त्याला हात लावायची सोय नसते. मी पहिल्यांदा वाटी भरून घेतली तेव्हा आईनं खिचडी परतता परतता विचारलं, “गाडीचा पन उपास हाय व्हय?” तेव्हा वेगळे दाणे भाजून घ्या. वाटीभर पुरतात. सालं पाखडून टाका, मीठ-साखर काही नको, आणि मिक्सरमध्ये नेहमीच्या कुटावर थांबू नका. आधी भरड होईल, मग भांड्याच्या कडेला चिकटून गोळा होईल, तो चमच्यानं खाली ढकलत राहिलात की थोड्या वेळानं तेल सुटून ते पळीवाढं होतं. तेच हवं. तेल मेणाला सैल करतं आणि दाण्याचे बारीक कण प्लास्टिकच्या खरबरीत पोतातून ते खरवडून काढतात. तयार पीनट बटर असेल तर तेही चालतं, मात्र गोड केलेलं नको. घरात किंवा गाडीत बसणाऱ्या कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर हा उद्योगच नको.

सोबत दात घासायचे दोन जुने मऊ ब्रश, कागदी मास्किंग टेप, तीन-चार फडकी (जुनी सुती बनियन उत्तम), दोन बादल्या आणि भांडी घासायचं लिक्विड. टेप रंगाच्या कडेला लावायची, कारण जे कण प्लास्टिक घासतात ते रंगालाही चरे पाडू शकतात. लिक्विडही प्लास्टिकपुरतंच, पत्र्यावर फिरवलंत तर होतं नव्हतं ते वॅक्स उतरेल.

सकाळी गाडी सावलीत घ्या, हात लावला तर प्लास्टिक गार लागलं पाहिजे. आधी कोरडा ब्रश. ज्योतिबाच्या डोंगरावरून आलेल्या गाडीच्या जाळीत गुलाल महिनोन्‌महिने बसलेला असतो. पाणी आधी मारलंत तर तो रंग होऊन पोतात उतरतो. झटकून, हवेनं फुंकून मगच धुवा. मग चमचाभर कूट, ब्रश गोल गोल, पाच मिनिटं तसंच, ओल्या फडक्यानं पुसायचं आणि लिक्विडच्या पाण्यानं दोनदा धुवायचं.

हे दोनदा धुणंच मी एका वर्षी टाळलं. दुसऱ्या दिवशी वायपरखालच्या जाळीतून तांबड्या मुंग्यांची रांग बॉनेट ओलांडून थेट चाकापर्यंत! मुंग्या परवडल्या, पण त्याच वासानं उंदीर बॉनेटखाली शिरला आणि वायर कुरतडली तर खर्च कुटाच्या हिशेबात बसत नाही. म्हणून जाळीत आणि फटींत कूट भरायचंच नाही, सपाट भागावरच.

फिक्या प्लास्टिकसाठी तेल. शेंगतेल किंवा खोबरेल, कारण ही हवेत वाळत नाहीत. जवसाचं तेल वाळून त्याचा चिकट पापुद्रा धरतो, आणि त्यात भिजलेली फडकी गोळा करून टाकली तर आपोआप तापून पेटूही शकतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, पण नवरात्रात दिवसा ते पातळच असतं. एका दाराच्या पट्टीला चहाचा अर्धा चमचा बास. लावायचं कमी आणि पुसायचं जास्त. बोट फिरवून बोटाला तेल लागलं तर अजून पुसायचं. भेगा तेलानं भरल्या की पट्टी एकदम नवी दिसते, आणि दोन-तीन धुण्यांत पुन्हा होती तशी. सढळ हातानं लावून मी एकदा पन्हाळ्याला जाऊन आलो, तर परतताना बंपर बेसनात बुडवल्यासारखा झाला होता. वर्षभर टिकायला हवं असेल तर ॲक्सेसरीच्या दुकानातली ट्रिमची, म्हणजे या काळ्या प्लास्टिकला लावायच्या द्रवाची, बाटलीच घ्यावी.

व्हिनेगर बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी. निम्मं पाणी घालून, मिनिटभर ठेवून, लगेच धुवायचं. अंगणात शहाबादी किंवा कडाप्पा फरशी असेल तर गाडी आधी रस्त्यावर काढा. दोन्ही चुनखडीचे दगड, आम्लानं त्यांची चकाकी कायमची जाते. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून फेस बघायला मजा येते, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात. घासायला काहीच उरत नाही.

तेल कुठं नको, तेही आदल्या दिवशी घरात सांगून ठेवा, विशेषतः मदतीला येणाऱ्या उत्साही पोरांना. स्टिअरिंग, पेडल, टायर, ब्रेकच्या आसपास थेंबही नाही. डॅशबोर्डवर नाही, काचेत चमक पडून समोरचं दिसत नाही. दारांच्या रबरी बीडिंगवरही नाही. तिथलं पावसाळी शेवाळ ओल्या ब्रशनंच निघतं.

शेवटी हळद. पूजेला जो कुणी बोटं ओढणार असेल त्याला ती काचेवर किंवा नंबरप्लेटच्या कडेला ओढायला सांगा. काळ्या खरबरीत पट्टीवर ओढलीच, तर लगेच साबण घेऊन धावू नका. साबणानं हळद लालसर होते आणि डाग वाढल्यासारखा वाटतो. कोरड्या फडक्यानं टिपा आणि गाडी दोन दिवस उन्हात लावा, पिवळा रंग उन्हातच उडतो.