स्टेलारिस: पसरलेलं साम्राज्य सांभाळायचं कसं

अंतराळात साम्राज्य उभारण्याच्या स्टेलारिस या गेममध्ये पहिली चाळीस वर्षं फार सुखाची जातात. साल २२००, हाताशी एकच ग्रह, एक संशोधन जहाज, एक बांधकाम जहाज आणि तीन कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या युद्धनौका. करण्यासारखं थोडंच असतं, त्यामुळे चुकण्यासारखंही थोडंच असतं. मग नकाशावर आपला रंग पसरत जातो, उजवीकडची ग्रहांची यादी लांबत जाते, आणि २२५०च्या आसपास कधीतरी वरच्या पट्टीतला एक आकडा लाल होतो. तो सुधारावा तर शेजारचा लाल. शत्रू अजून दारात आलेलाही नसतो.

माझं पहिलं मोठं साम्राज्य असंच आतून ढासळलं. अकरा ग्रह होते आणि राजधानी सोडली तर एकाही ग्रहावर पुरेशी वस्ती नव्हती. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्या डावातून मी एक गोष्ट शिकले आणि पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: या गेममध्ये जागा कधीच कमी पडत नाही, कमी पडतात काम करणारे हात. आणि त्याहून कमी पडतं ते खेळणाऱ्याचं लक्ष.

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीने हा गेम ९ मे २०१६ला आणला आणि तेव्हापासून त्याची ग्रहव्यवस्था अनेकदा मुळापासून बदलली. मे २०२५मधल्या ४.० आवृत्तीत तर लोकसंख्येचं मापच बदललं. आधीचा एक पॉप, म्हणजे लोकसंख्येचं एक एकक, तिथे १०० झाला. म्हणून तुमच्या स्क्रीनवरचे आकडे वेगळे दिसले तर गोंधळू नका. खालच्या पायऱ्या त्या आकड्यांवर अवलंबून नाहीत.

पहिली पायरी: स्पेसबार दाबा

गेम थांबवून विचार करायला कुणाचीही हरकत नाही. मी दर वर्षी १ जानेवारीला गेम थांबवते आणि एक फेरी मारते. आधी वरची पट्टी. तिथे साठा किती आहे यापेक्षा महिन्याची आवक-जावक बघायची. तिजोरीत ३,००० एनर्जी (या गेममधला पैसा) आहे आणि दर महिन्याला ४० वजा होते आहे, तर हातात जेमतेम सव्वासहा वर्षं आहेत. नव्या खेळाडूला ते ३,००० दिसतात, वजा ४० दिसत नाहीत. आकड्यावर माउस नेला की पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा पूर्ण तपशील उघडतो. तो वाचायची सवय लावा. घरखर्चाची वही लिहिणाऱ्या माणसाला हा गेम लवकर जमतो असं माझं ठाम मत आहे.

मग ग्रहांची यादी. बेकारी, घरांची टंचाई, रिकामी बांधकामजागा यांच्या खुणा यादीतच दिसतात. खूण नसलेला ग्रह उघडायचा नाही. सगळे ग्रह दर वर्षी उघडून बघायचे ठरवलंत तर पन्नासाव्या वर्षी कंटाळून डाव सोडून द्याल.

दुसरी पायरी: आधी माणसं मोजा, मग इमारती बांधा

या पायरीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक साम्राज्यं इथेच बुडतात.

स्टेलारिसमध्ये इमारत स्वतः फारसं काही पिकवत नाही. ती नोकऱ्या तयार करते, आणि त्या नोकरीवर कुणी बसलं तरच माल निघतो. कुणी बसलं नाही तरी इमारतीचा देखभालखर्च मात्र चालूच राहतो. रिकामी कारखान्यांची ओळ म्हणजे निव्वळ गळती.

याहून मोठा धोका वेगळाच आहे. नोकऱ्यांना वर्ग आहेत. खाणकामगार, शेतकरी, वीजनिर्मितीतले तंत्रज्ञ हे खालच्या वर्गात. संशोधक, अलॉय (जहाजांना लागणारे मिश्रधातू) बनवणारे धातुकार, कंझ्युमर गुड्स (रोजच्या वापराच्या वस्तू) बनवणारे कारागीर हे वरच्या वर्गात. वर जागा रिकामी झाली की खालचा माणूस ताबडतोब वर सरकतो. तुम्ही हौसेने तीन प्रयोगशाळा बांधता, आणि खाणीतली, वीजकेंद्रातली माणसं उठून संशोधक होतात. आता मिनरल घटलं, एनर्जी घटली. मिनरल घटलं म्हणून अलॉय आणि कंझ्युमर गुड्स घटले, कारण दोन्ही मिनरलपासूनच बनतात. आणि संशोधकांना तर काम करायला कंझ्युमर गुड्सच लागतात. एका निर्णयाने चार आकडे लाल. वर गेलेला माणूस खाली यायला मात्र वेळ घेतो, त्यामुळे प्रयोगशाळा पाडली तरी खाण लगेच भरत नाही.

यावर उपाय साधा आहे. नवी इमारत बांधण्याआधी त्या ग्रहावर बेकार किती आणि रिकाम्या नोकऱ्या किती ते पाहा. बेकार कुणी नसेल तर बांधू नका, थांबा. वरच्या वर्गाची इमारत बांधायची असेल तर तिचा कच्चा माल पुरवणारी खाण किंवा वीजकेंद्र आधी चालू झालेलं असू दे. मी खालून वर जाते: एनर्जी आणि मिनरल, मग कंझ्युमर गुड्स, मग अलॉय, सगळ्यात शेवटी संशोधन. आधी पोटोबा, मग विठोबा.

नव्या वसाहतीलाही हाच नियम. वसाहत जहाजाला मुळात २०० अलॉय, २०० अन्न आणि २०० कंझ्युमर गुड्स पडतात, पण खरा खर्च त्यानंतरचा. कोवळी वसाहत बरीच वर्षं घेतच राहते, देत काही नाही. एका वेळी अशी दोनच बाळं सांभाळा. तिसरी वसाहत पहिली आपल्या पायावर उभी राहिल्यावर. आणि ग्रहाची वसतियोग्यता बघा: जिथे ती कमी, तिथे तीच माणसं जास्त खातात आणि कमी पिकवतात.

तिसरी पायरी: एका ग्रहाला एकच काम

प्रत्येक ग्रहाला नेमून दिलेलं काम, म्हणजे डेझिग्नेशन, ठरवता येतं: खाणीचा ग्रह, विजेचा, शेतीचा, अलॉयचा, संशोधनाचा. ठरवलेल्या कामात सवलत किंवा जादा उत्पन्न मिळतं, म्हणून थोडं हे थोडं ते अशी खिचडी केलेला ग्रह कायम मागे राहतो. ग्रहावर कोणत्या जिल्ह्यांना (खाण, शेती, वीज अशा कामांच्या विभागांना) जास्त जागा आहे ते पाहून वसाहतीच्या पहिल्याच दिवशी काम नक्की करा. मी ग्रहाचं नाव बदलून पुढे कामाचं अक्षर लावते. ‘ख’ म्हणजे खाण, ‘वी’ म्हणजे वीज. शंभर वर्षांनी यादी बघताना एकही ग्रह उघडावा लागत नाही.

राजधानीचा अपवाद. ती सुरुवातीला सगळंच करते, करू द्या. बाहेरच्या खाणी भरल्या की हळूहळू तिचं अन्न-खनिज बाहेर ढकला आणि तिथे वरच्या वर्गाच्या नोकऱ्या आणा.

चौथी पायरी: सीमा नाक्यांवर आखा

तारे एकमेकांना हायपरलेनने जोडलेले असतात आणि प्रवास त्याच वाटांनी होतो. म्हणजे डोंगरातल्या खिंडीसारखे नाके तयार होतात. आउटपोस्टला, म्हणजे तारा आपल्या ताब्यात घेणाऱ्या ठाण्याला, मुळात १०० अलॉय लागतात आणि शिवाय इन्फ्लुअन्स, म्हणजे राजकीय वजन. तो इन्फ्लुअन्स महिन्याला फार थोडा मिळतो. म्हणून जवळ दिसेल तो तारा घेऊ नका. आधी संशोधन जहाजाने वाट शोधा, नाका गाठा, तो आधी घ्या. नाका आपला झाला की मागचे तारे आरामात भरता येतात, तिथे दुसरं कुणी सहसा शिरत नाही. स्टारबेसची (आउटपोस्ट वाढवून केलेल्या मोठ्या तळांची) संख्या मर्यादित असते, साध्या आउटपोस्टची नाही. तेव्हा मोठी स्टारबेस नाक्यावर आणि राजधानीजवळ जहाजबांधणीसाठी, बाकी सगळीकडे साधे आउटपोस्ट.

पाचवी पायरी: १०० चा आकडा बघा, पण त्याला घाबरू नका

एम्पायर साइझ, म्हणजे साम्राज्याच्या आकाराचा आकडा, १०० ओलांडला की तंत्रज्ञान आणि परंपरा (साम्राज्याला कायमचे फायदे देणारे टप्पे) महाग होत जातात. तारे, ग्रह, जिल्हे, लोकसंख्या, सगळं त्यात मोजलं जातं. अनेक जण हा आकडा बघून वाढच थांबवतात. ते मला पटत नाही. भरलेला, कामाला लागलेला ग्रह त्या महागाईपेक्षा जास्त देतो. नुकसान करतात ते अर्धवट भरलेले ग्रह आणि काही न देणारे दूरचे तारे. आकडा १०० च्या पुढे गेला म्हणून पाय आखडू नका. तुमच्या यादीत फुकट बसलेलं कोण आहे ते शोधा.

सहावी पायरी: काम वाटून द्या

आठ-दहा ग्रहांनंतर सगळं हाताने करणं शक्य नसतं. एखाद्या मध्यवर्ती ग्रहाला सेक्टरची, म्हणजे प्रांताची, राजधानी करा म्हणजे आसपासच्या वसाहती त्या सेक्टरमध्ये येतील. तिथे गव्हर्नर नेमा. मग ग्रहांचं ऑटोमेशन (बांधकाम गेमने आपोआप करणं) चालू करायचं, पण सरसकट नाही. खाण, शेती, वीज असे एकसुरी ग्रह खुशाल ऑटोमेशनवर सोडा. राजधानी, अलॉय आणि संशोधन मात्र स्वतःच्या हातात ठेवा. तिथे चुकीची एक इमारत दुसऱ्या पायरीतली साखळी सुरू करते.

लाल आकडा आलाच तर

घाबरून पहिली कृती इमारती पाडण्याची होते. ती करू नका. बाजार सुरुवातीपासून उघडा असतो. जे जास्त आहे ते विकून कमी असलेलं घ्या. दरमहा ठराविक खरेदीही लावून ठेवता येते. एकदम मोठा सौदा केला तर भाव आपल्याच विरोधात सरकतो, थोडं थोडं घेतलं तर फार हलत नाही. पण बाजार म्हणजे उसनवारी. त्याने मिळालेल्या चार-पाच वर्षांत मूळ दुरुस्ती करा: वरच्या वर्गाच्या काही जागा बंद करा, म्हणजे माणसं हळूहळू खाली उतरतील, आणि एनर्जीचे जिल्हे वाढवा. ताफा नौदल क्षमतेच्या (साम्राज्याला झेपणाऱ्या ताफ्याच्या मर्यादेच्या) पलीकडे गेला असेल तर त्याचा वाढीव खर्चच खड्ड्याचं कारण असू शकतो. जुनी जहाजं मोडीत काढायला जीव तुटतो, तरी काढा.

जिंकलेले ग्रह

युद्धात पाच ग्रह एकदम मिळाले की आनंद होतो आणि तिथेच पुढची अडचण सुरू होते. नुकत्याच जिंकलेल्या ग्रहावर लोक नाराज असतात, स्टॅबिलिटी (ग्रहावरच्या स्थैर्याचा आकडा) घसरते. ती ५० च्या वर असेल तर उत्पन्नात भर पडते, खाली गेली की तूट, आणि २५ च्या खाली बंडाची चिन्हं. तिथे पहिली इमारत कारखान्याची नको. आधी घरं आणि अॅमेनिटीज (लोकांच्या सुखसोयी) पुरेशा करा, गुन्हेगारी चढत असेल तर पोलिसांची चौकी बांधा, आणि शत्रूने काय काय बांधून ठेवलंय ते एकदा नीट वाचा. त्याची घडी तुमच्या घडीसारखी नसतेच.

एवढं करायला वेळ नसेल तर तो प्रदेश सेक्टर म्हणून वेगळा काढून मांडलिक राज्य करा. मग त्याचा एम्पायर साइझ तुमच्या खात्यात मोजला जात नाही, त्याची यादी तुम्हाला बघावी लागत नाही, आणि करारात ठरवाल तेवढा कर मात्र येत राहतो. कर ठरवताना हात आखडता ठेवा. जास्त पिळलं की निष्ठा घसरते, आणि तुमचा ताफा दुसऱ्या टोकाला लढायला गेलेला असतानाच नाराज मांडलिक उठतो. माझ्या सध्याच्या डावात २३१० साल आहे, दोन मांडलिक आहेत, आणि १ जानेवारीच्या फेरीत मी आधी त्यांच्या निष्ठेचा आकडा बघते, मग माझी स्वतःची तिजोरी.