उवा, वेणी आणि कलम २०

मानसिक आजार असलेल्या बायका एकत्र राहतात अशा ग्रुप होममध्ये कामाला लागले त्याच महिन्यात घरात उवा झाल्या. आठ बायका, दोन फण्या. "सरसकट केस बारीक कापून टाकू," असं मीच सुचवलं, कात्रीही आणली. आयुष्याची कितीतरी वर्षं मनोरुग्णालयात काढलेल्या एक मावशी डोक्यावर पदर घेऊन मोरीत शिरल्या आणि आतून कडी लावून बसल्या.

सोशल वर्कर ताईंनी मला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २० वाचायला दिलं. सक्तीने डोकं भादरायचं नाही, गणवेश लादायचा नाही, काम करायला भाग पाडायचं नाही आणि कुणी केलं तर त्याचा मोबदला द्यायचा, हे त्यात चक्क लिहिलंय. कापणं म्हणजे भादरणं नव्हे, असा वाद मी घातला. ताईंनी नुसतं मोरीच्या दाराकडे पाहिलं. मग औषध, बारीक दातांची फणी आणि तीन रविवार. वेण्या राहिल्या, उवा गेल्या.

नवीन येणाऱ्यांना या कामात हक्क म्हणजे कोर्टकचेरी वाटते. खरं तर तो कपाटाच्या किल्लीत असतो. किल्ली घरात राहणाऱ्या बायकांकडे हवी, आपल्या कमरेला नव्हे. खोलीत शिरताना दार वाजवायचं, हे मला अजून कधीकधी आठवत नाही. भावाचा फोन आला आणि यांना बोलायचं नसलं, तर "त्यांना आत्ता बोलायचं नाही" एवढंच सांगायचं. तब्येतीचा पाढा वाचायचा नाही. बरं वाटत असताना त्यांच्याशी पुढच्या उपचारांविषयी बोलून ठेवा. कसे उपचार हवेत, कसे नकोत हे आगाऊ लिहून ठेवायची सोय कलम ५ मध्ये आहे, आपला प्रतिनिधी नेमायची कलम १४ मध्ये. घरच्यांना बऱ्याचदा हे माहीतच नसतं.

रोजच्या नोंदवहीत 'हट्ट केला' असं लिहू नका. 'दुपारी जेवल्या नाहीत, वांगं आवडत नाही म्हणाल्या' असं लिहा. कलम २५ नुसार आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी बघायचा त्यांना हक्क आहे, आणि आमच्याकडे कुणी मागितली तर ही वहीही दाखवतो. मावशींनी एकदा मागितली. उवांच्या आठवड्याचं पान निघालं, माझ्याच अक्षरात: 'सहकार्य करत नाही.' ते खोडलं नाही. त्यांच्यासमोरच त्या दिवसाची तारीख घालून खाली कात्रीची हकीकत लिहिली, आणि त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.