नव्या नोकरीत डब्ल्यू-4 भरताना

अमेरिकेत नोकरीवर रुजू होताना विम्याच्या आणि बँकेच्या कागदांबरोबर डब्ल्यू-4 हा फॉर्म पुढे येतो, आणि आपल्यापैकी बहुतेक जण तो दोन मिनिटांत भरून मोकळे होतात. तसे करू नका. दर पगारातून संघीय प्राप्तिकर किती कापायचा हे या एका कागदावरून ठरते. भारतात कंपनी भाड्याच्या आणि विम्याच्या पावत्या मागवून टीडीएसचा हिशेब वर्षअखेरीस जुळवून घेते. इथे पेरोल विभाग पुरावा मागत नाही, तुम्ही लिहिलेले प्रमाण मानतो, आणि चूक झाली असेल तर ती पुढच्या एप्रिलमध्ये रिटर्न भरताना समोर येते.

जुनी मंडळी ‘शून्य अलाउन्स (कमी कर कापला जावा म्हणून मागितलेल्या सवलतींची संख्या) लिही’ असे आपुलकीने सांगतात, परंतु 2020 पासून या फॉर्मवर अलाउन्सचा रकानाच राहिलेला नाही. ज्यांची नोकरी त्याआधीपासून चालू आहे त्यांना नवा फॉर्म भरावा लागलेला नाही, त्यामुळे त्यांचा सल्ला मनापासूनचा असला तरी कालबाह्य असतो.

आमची चूक फॉर्मच्या दुसऱ्या पायरीत झाली. मला एच-4 वर (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराला व मुलांना मिळणारा व्हिसा) काम करण्याची परवानगी मिळाली आणि 2021 च्या जानेवारीत मी नोकरीला लागले. मी पतीचा फॉर्म समोर ठेवून त्याचीच नक्कल केली: ‘विवाहित, संयुक्त रिटर्न’, खाली सही. ‘जोडीदारही नोकरी करतो’ ही चौकोनी खूण त्यांच्या फॉर्मवर नव्हती, म्हणून मीही केली नाही. भारतात पती-पत्नींचा कर वेगवेगळा लागतो. त्या सवयीमुळे दोघांचे उत्पन्न एकत्र मोजले जाणार हे माझ्या मनात आलेच नाही. दोन्ही पेरोल विभागांनी आपापल्या पगारातून 25,100 डॉलरची पूर्ण प्रमाणित वजावट धरली आणि दोघांनाही 10 व 12 टक्क्यांचे खालचे टप्पे लावले. पतीचा पगार 95,000 आणि माझा 70,000 होता. मिळून सुमारे 13,000 डॉलर कापले गेले, प्रत्यक्ष कर 22,275 झाला, आणि आम्हाला 9,295 डॉलर एकदम भरावे लागले. आदल्या वर्षी एकाच पगारावर लागलेल्या करापेक्षा अधिक रक्कम कापली गेली होती, केवळ त्यामुळे दंड टळला. दुसऱ्या वर्षी ती सवलत आम्हाला तारू शकली नसती. म्हणून दोघेही नोकरी करत असाल आणि पगार साधारण जवळपास असतील, तर ती खूण दोघांच्याही फॉर्मवर करा. पगारांत मोठे अंतर असेल तर आयआरएसच्या (अमेरिकेच्या संघीय करखात्याच्या) संकेतस्थळावरील गणकयंत्रात आकडे भरा आणि दर पगारातून किती जादा कापायचे ते फॉर्मच्या 4(सी) रकान्यात लिहा. फॉर्म वर्षात केव्हाही बदलता येतो, त्यामुळे जोडीदाराला नोकरी लागताच आपलाही फॉर्म नव्याने भरावा.

तिसऱ्या पायरीत अवलंबितांची रक्कम दोघांपैकी जास्त पगाराच्या फॉर्मवरच लिहावी. सतरा वर्षांखालील मुलासाठी 2025 पासून करात 2,200 डॉलरची सवलत आहे, पण त्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक हवा. एच-4 वरील मुलांकडे सहसा आयटीआयएन (फक्त करासाठी दिलेला क्रमांक) असतो, आणि त्यांच्यासाठी 500 डॉलरच मिळतात. भारतात राहणारे आई-वडील, त्यांचा सगळा खर्च तुम्ही करत असलात तरी, इथे अवलंबित धरले जात नाहीत.

एनआरई ठेवींचे (अनिवासी भारतीयांच्या भारतीय बँकेतील ठेवींचे) व्याज भारतात करमुक्त असले तरी इथल्या रहिवाशाला त्यावर कर भरावा लागतो, म्हणून ते 4(ए) मध्ये लिहावे. मोठा रिफंड आला म्हणून आनंदाने सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण तो वर्षभर सरकारकडे बिनव्याजी पडून राहिलेला आपलाच पगार असतो.

एफ-1 व्हिसावरील, करासाठी अनिवासी धरल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे नियम निराळे आहेत. त्यांनी विवाहित असले तरी ‘अविवाहित’ निवडावे आणि 4(सी) च्या खाली ‘नॉनरेसिडेंट एलियन’ असे लिहावे.

राज्याचा फॉर्म वेगळा असतो. टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, तर कॅलिफोर्नियाच्या डीई-4 वर आणि न्यूयॉर्कच्या आयटी-2104 वर अलाउन्स अजूनही आहेत. तिथला आकडा संघीय फॉर्मवरून उतरवून घेता येत नाही. त्या फॉर्मसोबतचा तक्ता स्वतंत्रपणे भरावा लागतो.